पॅसिफिक कोस्ट लीग खरंच ‘मायनर’ होती का?

प्रश्न असा आहे: लॉस एंजेलिसमधल्या एका जुन्या फोटोत छातीवर ‘हॉलिवूड स्टार्स’ लिहिलेला बेसबॉलचा गणवेश दिसला. चौकशी केल्यावर कळलं की हा संघ पॅसिफिक कोस्ट लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या दोन सर्वोच्च ‘मेजर’ लीगांच्या खालच्या मायनर लीगमधला. तरीही तिथली जुनी मंडळी या लीगला ‘तिसरी मेजर’ म्हणतात. हे खरं, की नुसतं आठवणींचं कौतुक? खरं असेल तर ती मेजर झाली का नाही? आणि आज तिचं काय उरलंय?

मी वीस वर्षांहून जास्त काळ कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो परिसरात बेसबॉलचं स्कोअरिंग करतो आहे. त्याआधी मुंबईत कांगा लीग या पावसाळी क्रिकेट स्पर्धेच्या सामन्यांना स्कोअरबुक भरत होतो. त्यामुळे या लीगशी माझी ओळख मुख्यतः आकड्यांमधून आणि शेजारी बसणाऱ्या म्हाताऱ्या स्कोअररांच्या बोलण्यातून झाली. त्यांच्यातल्या काहींनी लहानपणी हे संघ प्रत्यक्ष पाहिले होते. मी जे सांगतो आहे त्यात त्यांच्याबद्दलची माया मिसळलेली असणार, पण आकडे आणि सनावळ्या तपासून घेतलेल्या आहेत.

सरळ उत्तर आधी देतो. खेळाच्या दर्जाने ही लीग पूर्णपणे मेजरच्या तोडीची कधी नव्हती. पण सुरुवातीची तीसेक वर्षं ती कुणाच्या हाताखालीही नव्हती. आज ‘मायनर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिडी येते: खालून वर चढायचं आणि शेवटी मेजरमध्ये पोचायचं. वरच्या क्लबने पोरगा पाठवायचा, खालच्या क्लबने त्याला तयार करायचं आणि वरून फोन आला की निमूट परत द्यायचा. ही शिडी नंतर उभी राहिली. पॅसिफिक कोस्ट लीग जन्मली तेव्हा ती एक वेगळं घरच होती, स्वतःच्या उंबरठ्याचं.

तिचा जन्म समजून घ्यायचा तर अमेरिकेचा नकाशा समोर ठेवावा लागतो. १९०३ साली मेजर लीगचे सगळे सोळा संघ देशाच्या ईशान्येच्या कोपऱ्यात होते आणि त्यातलं सगळ्यात पश्चिमेचं गाव सेंट लुइस. तिथून लॉस एंजेलिस रेल्वेने जवळपास ३,००० किलोमीटर. संघाला आगगाडीत घालून पश्चिमेला आणायचं म्हणजे दोन-तीन दिवस जाणार आणि तेवढेच परतीला. सामने खेळायचे कधी? म्हणजे कॅलिफोर्नियातल्या माणसाला उत्तम बेसबॉल पाहायचा असेल तर तो इथेच तयार व्हायला हवा होता. जुन्या कॅलिफोर्निया लीगमधले लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि सॅक्रामेंटो हे चार संघ होतेच. डिसेंबर १९०२ मध्ये त्यांना उत्तरेकडची पोर्टलंड आणि सिअ‍ॅटल ही दोन शहरं जोडली गेली आणि १९०३ मध्ये सहा संघांची पॅसिफिक कोस्ट लीग सुरू झाली.

पहिल्याच वर्षी ती बंडखोर ठरली. मायनर लीगांची ‘नॅशनल असोसिएशन’ ही संघटना १९०१ मध्ये स्थापन झाली होती. कोणत्या लीगचा कोणता प्रदेश आणि कोणता खेळाडू कुणाचा हे ती ठरवत असे. नवी लीग तिला न विचारता मैदानात उतरली. वर्षभरात समेट झाला आणि १९०४ पासून ती ‘अ’ वर्गाची लीग म्हणून संघटनेत आली. पण सुरुवातीचा तो ताठा पुढे पन्नास वर्षं टिकला, असं माझं मत आहे.

दुसरं कारण हवामानाचं. कांगा लीग पावसातच खेळायची असते. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कसा वागतो हे कळावं म्हणूनच ती आहे. कोस्ट लीगचं नेमकं उलटं. कॅलिफोर्नियात उन्हाळाभर पावसाचा थेंब नसतो, मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत खेळता येतं, आणि या लीगने ते पुरेपूर वसूल केलं. पहिल्या मोसमात लॉस एंजेलिसने १३३ सामने जिंकले आणि ७८ हरले, म्हणजे दोनशेच्या वर सामने. १९०५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा संघ २३० सामने खेळला. मेजरमध्ये तेव्हा १५४ सामन्यांचा मोसम असे. जुनी आकडेवारी वाचताना हे विसरू नका. ‘तीनशे हिट’ (हिट म्हणजे चेंडू मारून बेसपर्यंत, म्हणजे धावायच्या थांब्यापर्यंत, सुखरूप पोचणं) किंवा ‘दोनशे रन’ असे आकडे या लीगच्या वहीत दिसतात त्यामागे खेळाडूची ताकद आहेच, पण चाळीस-पन्नास जादा सामनेही आहेत.

लांबलेल्या मोसमाचा दुसरा परिणाम खिशावर झाला. खेळाडूंना पगार महिन्याच्या हिशेबाने मिळत आणि इथे सात-सात महिने पगार चालू राहत असे. हवा चांगली, घर जवळ, रेल्वेतली रखडपट्टी कमी. मेजरमध्ये शेवटच्या बाकावर बसण्यापेक्षा इथे रोज खेळणं परवडतं, असं ठरवून मागे राहिलेले किंवा वर जाऊन परत आलेले खेळाडू या लीगमध्ये नेहमी असत. त्यामुळे एकाच संघात अठरा वर्षांचा होतकरू पोरगा आणि पस्तिशी उलटलेला कसलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, शेजारी शेजारी दिसायचे. नवखा पोरगा या मिश्रणात जे शिकायचा ते आजच्या मायनरमध्ये, जिथे सगळेच विशी-बाविशीचे असतात, शिकता येत नाही.

वेळापत्रकही वेगळं होतं. प्रवास लांबचा असल्यामुळे पाहुणा संघ एका गावात आला की आठवडाभर मुक्काम करी. मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सामने, रविवारी दोन, सोमवार प्रवासाचा. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांच्यामध्ये फक्त खाडी. तिथे बरीच वर्षं रविवारचा सकाळचा सामना एका काठावर आणि दुपारचा दुसऱ्या काठावर होत असे. खेळाडू आणि प्रेक्षक दोघेही फेरीबोटीने पलीकडे जात. एकाच संघाशी सहा दिवस खेळलं की बॅटरला समोरचा पिचर तोंडपाठ होतो आणि पिचरला बॅटर. भांडणंही तशीच शिजत जातात.

१९०६ च्या भूकंपात हे सगळं संपलं असतं. १८ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्को हादरलं, पाठोपाठ आगी लागल्या आणि संघाचं मैदान नष्ट झालं. संघाने तो मोसम खाडीपलीकडे ओकलंडला खेळून काढला. शहर राखेत असताना तिकीट काढून सामना पाहायला येणारी माणसं होती, आणि त्यांच्या जिवावर लीग तगली.

चांगल्याबरोबर लाजिरवाणंही सांगायला हवं. मे १९१६ मध्ये जिमी क्लॅक्स्टन नावाचा डावखुरा पिचर ओकलंडकडून एका रविवारी मैदानात उतरला. तो मूळ अमेरिकन जमातीचा आहे असं सांगून त्याला घेतलं होतं. तो कृष्णवर्णीयही आहे हे कळताच काही दिवसांत त्याला काढून टाकलं. योगायोग असा की नेमक्या त्याच सुमारास ‘झी-नट’ नावाच्या खाऊच्या पाकिटात घालायच्या चित्रांसाठी छायाचित्रकार खेळाडूंचे फोटो काढत होता. त्या फोटोमुळे अमेरिकेत बेसबॉल कार्डावर छापला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून क्लॅक्स्टनची नोंद राहिली. लीगचा दरवाजा पुन्हा उघडायला बत्तीस वर्षं लागली. १९४८ मध्ये सॅन दिएगोने त्याच शहरातल्या जॉन रिचीला कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) म्हणून घेतलं. आदल्या वर्षी कृष्णवर्णीयांच्या निग्रो अमेरिकन लीगमध्ये बॅटिंगमध्ये पहिला आलेला हा माणूस इथे पहिल्याच मोसमात .३२३ च्या सरासरीने खेळला.

(सरासरीचा हिशेब ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: .३२३ म्हणजे हजार वेळा बॅटिंगला आल्यावर ३२३ हिट. तीनशेच्या वर गेलं की चांगला बॅटर, साडेतीनशेच्या वर अप्रतिम, चारशे म्हणजे दंतकथा.)

आणखी एक डाग १९१९ चा. त्या वर्षी मेजरमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी पैसे घेऊन वर्ल्ड सीरीज, म्हणजे मेजरची अंतिम मालिका, हरल्याचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षी इथे व्हर्नन संघाने पेनंट, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलं आणि पुढच्या वर्षी उघड झालं की सॉल्ट लेक सिटीच्या खेळाडूंना पैसे चारले गेले होते. लीगने दोषींना बाहेर काढलं. व्हर्नन हे लॉस एंजेलिसला चिकटलेलं छोटं कारखान्यांचं गाव. आसपास दारूवर निर्बंध असताना तिथे दारू मिळत असे, मैदानाला लागूनच भलामोठा बार होता, आणि १९१९ मध्ये संघाचा मालक होता मूकपटांतला विनोदवीर रॉस्को ‘फॅटी’ आर्बकल. सट्टेबाज प्रेक्षकांत उघड बसत. अशा जागी असं प्रकरण घडलं याचं मला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते त्यातून लीग सावरली याचं.

सावरली, आणि पुढची दहा-पंधरा वर्षं तिचा सुवर्णकाळ. त्यातले सॉल्ट लेकचे आकडे तर डोळे दिपवतात. १९२३ मध्ये पॉल स्ट्रँडने एका मोसमात ३२५ हिट मारले; संघटित बेसबॉलमध्ये हा आकडा आजही कुणी ओलांडलेला नाही. १९२५ मध्ये एकवीस वर्षांच्या टोनी लझेरीने १९७ सामन्यांत ६० होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारले, २२२ रन बॅटिंगने आणले आणि स्वतः २०२ वेळा होम प्लेटवर आला, म्हणजे तेवढे रन पुरे केले. मेजरचा सगळ्यात प्रसिद्ध बॅटर बेब रूथ याने साठ मारले ते दोन वर्षांनी, त्याच्याहून कमी सामन्यांत. सॉल्ट लेक समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे. हवा विरळ, चेंडू लांब जातो. म्हणून मी नवशिक्या स्कोअररांना सांगतो की सॉल्ट लेकचा होमरन आणि सॅन फ्रान्सिस्कोचा होमरन एका तराजूत घालू नका. सॅन फ्रान्सिस्कोत संध्याकाळी थंड, दमट वारा सुटतो आणि हमखास गेलेला चेंडू फील्डरच्या हातात अलगद येऊन पडतो.

आता मघाच्या प्रश्नाची कळीची बाजू: हे खेळाडू मेजरला फुकट मिळत नसत. मेजरच्या क्लबांना खालच्या लीगमधला खेळाडू ठरलेल्या, कमी किमतीत उचलायचा अधिकार ‘ड्राफ्ट’ने दिलेला होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वरच्या दर्जाच्या मायनर लीगांनी तो झुगारून दिला. मग किंमत ठरवणार विकणारा. १९२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सील्सने विली कॅम या खेळाडूचे शिकागो व्हाइट सॉक्सकडून एक लाख डॉलर घेतले. त्या काळात ही रक्कम अचाट होती. खेळाडू घडवायचा, गावाला दोन-तीन वर्षं त्याचा खेळ पाहू द्यायचा, मग चढ्या भावात विकायचा आणि त्या पैशांवर पुढची पिढी उभी करायची, असा तो धंदा होता. क्लब स्वतःच्या पायावर उभे होते ते यामुळे.

सील्सच्या या कारखान्यातलं सगळ्यांत मोठं नाव जो डिमॅजियो. सॅन फ्रान्सिस्कोतल्या मासेमारी करणाऱ्या इटालियन कुटुंबातला पोरगा. १९३३ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने लागोपाठ ६१ सामन्यांत हिट मारला. पुढे १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज या मेजर संघाकडून त्याने केलेला ५६ सामन्यांचा विक्रम जगाला माहीत आहे. त्याच्या गावच्या लोकांच्या लेखी तो त्याचा दुसरा विक्रम. १९३४ मध्ये गुडघा दुखावला आणि भाव घसरला. यांकीजने २५,००० डॉलर आणि पाच खेळाडू देऊन त्याला घेतलं, पण अट अशी की १९३५ चा मोसम त्याने सील्सकडूनच खेळायचा. त्या मोसमात त्याची सरासरी होती .३९८, तरी बॅटिंगमध्ये तो पहिला आला नाही. मिशन्स संघाचा ऑक्स एकहार्ट .३९९ वर संपला. लीगचा दर्जा विचारणाऱ्यांना मी ही एक ओळ दाखवतो.

दुसरा टेड विल्यम्स, पुढे मेजरमध्ये गाजलेला बॅटर. १९३६ मध्ये तो सॅन दिएगोकडून खेळायला लागला तेव्हा शाळेत होता. त्याचा पहिला व्यावसायिक मॅनेजर, म्हणजे संघाचा प्रशिक्षक, फ्रँक शेलेनबॅक, आणि माझ्या मते या लीगची सगळी गोष्ट याच माणसात आहे. शेलेनबॅक ‘स्पिटबॉल’ टाकायचा, म्हणजे चेंडूला थुंकी लावून तो वाकडा वळवायचा. १९२० मध्ये मेजरने हा चेंडू बंद केला, पण त्यावर पोट भरणाऱ्या ठरावीक पिचरांची यादी करून त्यांना निवृत्तीपर्यंत सूट दिली. शेलेनबॅक नेमका त्या वेळी कोस्ट लीगमध्ये होता, त्यामुळे मेजरच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. इथे मात्र त्याला परवानगी होती. वर जायचं तर हुकमी चेंडू सोडावा लागणार! तो राहिला, आणि या एका लीगमध्ये २९५ सामने जिंकला. असा विक्रम तिथे दुसऱ्या कुणाचा नाही. मेजरच्या वहीत त्याच्या नावावर फक्त दोन मोसमांतले काही सामने आहेत. वहीवरून माणूस ठरवायचा तर कोणती वही उघडता यावर सगळं अवलंबून.

सर्वांत बलाढ्य संघ कोणता यावर म्हातारे स्कोअरर तासन् तास वाद घालायचे, पण शेवट बहुतेक वेळा १९३४ च्या लॉस एंजेलिस एंजल्सवर व्हायचा. १३७ विजय, ५० पराभव. इतके पुढे गेले की चुरस उरली नाही आणि मोसमाअखेर त्यांना उरलेल्या सगळ्या संघांतून निवडलेल्या संघाशी खेळवावं लागलं. त्यांचं मैदान रिग्ली फील्ड. शिकागोचं रिग्ली फील्ड सगळ्यांना माहीत असतं. पण ते नाव आधी लॉस एंजेलिसच्या मैदानाला मिळालं, १९२५ मध्ये, आणि शिकागोच्या मैदानाला त्यानंतर.

आता तुमच्या फोटोतला गणवेश. ‘हॉलिवूड स्टार्स’ या नावाचे दोन संघ झाले. पहिला म्हणजे सॉल्ट लेकहून १९२६ मध्ये आलेला. तो १९३६ मध्ये सॅन दिएगोला गेला आणि पाद्रेस झाला. दुसरा १९३८ पासूनचा. त्याच्यामागे ‘ब्राउन डर्बी’ या प्रसिद्ध रेस्टॉरंटचा बॉब कॉब होता आणि भागधारकांत गॅरी कूपर, बिंग क्रॉस्बी, बार्बरा स्टॅनविक, सेसिल बी. डीमिल अशी नावं होती. १९३९ मध्ये बांधलेलं त्यांचं गिल्मोर फील्ड छोटं होतं, जेमतेम तेरा हजार माणसं मावतील एवढं. प्रेक्षक खेळाडूंच्या इतके जवळ बसत की पहिल्या बेसवरचं बोलणं ऐकू येई. १९५० मध्ये या संघाने चक्क हाफ पँट घालून सामने खेळले. तुमच्या फोटोत गुडघे उघडे असतील तर तो त्या सुमाराचा समजा.

एंजल्स आणि स्टार्स एकाच शहरातले, त्यामुळे वैर कडवं. २ ऑगस्ट १९५३ ला त्यांच्यात अशी हाणामारी झाली की शहराचे पोलीसप्रमुख घरी टीव्हीवर सामना बघत होते त्यांनी तिथूनच पोलीस धाडले. खेळत नसलेल्या खेळाडूंना कपडे बदलायच्या खोलीत बसवून ठेवलं आणि मग सामना पुरा झाला. यातल्या टीव्हीकडे लक्ष द्या. पुढे तो परत येतो.

या सगळ्यात ज्याला लीगचा चेहरा म्हणता येईल असा माणूस लेफ्टी ओडूल. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, मेजरमध्ये १९२९ साली .३९८ ची सरासरी, आणि मग १९३५ ते १९५१ सतरा वर्षं सील्सचा मॅनेजर. त्याने मेजरमधल्या नोकऱ्यांपेक्षा आपलं गाव पसंत केलं. जपानमध्ये बेसबॉल रुजवण्यात त्याचा वाटा मोठा. युद्धानंतर, जपान अमेरिकी लष्कराच्या ताब्यात असताना, ऑक्टोबर १९४९ मध्ये तो सील्सना घेऊन तिकडे गेला. मैदानं ओसंडून वाहिली. अमेरिकी झेंड्याबरोबर जपानचाही झेंडा फडकला, तेव्हा प्रेक्षकांत रडणारी माणसं होती. जपानने २००२ मध्ये त्याला आपल्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. एका ‘मायनर’ संघाने हे केलं, हे मी दर वेळी अभिमानाने सांगतो.

मग ही लीग मेजर का झाली नाही?

संधी जवळ आली होती. १९४० मध्ये कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ६९ लाख होती, १९५० मध्ये एक कोटी पाच लाखांवर गेली. युद्धानंतर मैदानं भरभरून वाहत होती. १९४६ मध्ये सील्सच्या सामन्यांना साडेसहा लाखांहून जास्त प्रेक्षक आले, जो मायनर लीगचा विक्रम कित्येक वर्षं टिकला. अध्यक्ष क्लॅरन्स ‘पँट्स’ रोलंड यांनी मेजरच्या दर्जाची मागणी लावून धरली. सील्सचे मालक पॉल फेगन यांना तर आपला क्लब आत्ताच मेजर झाला आहे असं वागायची सवय होती. (त्यांनी १९५० मध्ये शेंगदाणे विकायला बंदी घातली, कारण टरफलं झाडायला विक्रीच्या नफ्यापेक्षा जास्त खर्च येत होता. गावाने एवढा गिल्ला केला की बंदी लगेच मागे घ्यावी लागली.) शेवटी १९५२ मध्ये लीगला सगळ्या मायनरच्या वरचा ‘ओपन’ असा खास दर्जा मिळाला. पुढची पायरी मेजरची, पण त्यासाठीच्या अटी अशा होत्या की लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को त्यांत बसतील, सॅक्रामेंटो आणि पोर्टलंड बसणार नाहीत. आठ शहरांना एकत्र वर न्यायचं, की दोन मोठी शहरं काढून घ्यायची? मेजरच्या मालकांना दुसरा रस्ता सोपा होता.

खरं तर हा रस्ता त्यांना आधीच दिसला होता. सेंट लुइस ब्राउन्सनी १९४१ मध्येच लॉस एंजेलिसला जायचा बेत पक्का केला होता. त्यावर मेजरच्या मालकांचं मतदान ८ डिसेंबरला व्हायचं होतं. ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि बेत बारगळला. म्हणजे कोस्ट लीगला सोळा वर्षं जास्तीची मिळाली ती युद्धामुळे.

त्या सोळा वर्षांत तीन गोष्टींनी घर आतून पोखरलं. विमानप्रवास रोजचा झाला, त्यामुळे ज्या अंतराने लीगला जन्म दिला ते अंतरच संपलं. मेजरच्या क्लबांनी मायनर संघ विकत घ्यायला किंवा बांधून घ्यायला सुरुवात केली. सॅक्रामेंटो १९३६ च्या सुमारासच सेंट लुइस कार्डिनल्सच्या हाताखाली गेलं होतं. आणि टीव्ही आला. घरबसल्या मेजरचे सामने दिसू लागल्यावर गावातल्या मैदानावर जाणारी पावलं कमी झाली. ओकलंडचं उदाहरण जिवाला लागतं. १९४८ मध्ये केसी स्टेंगलच्या हाताखाली, ज्यांना ‘नऊ म्हातारे’ म्हणत अशा संघाने तिथे पेनंट जिंकलं, स्टेंगल तिथून थेट यांकीजचा मॅनेजर झाला, आणि आठ वर्षांत तोच क्लब प्रेक्षक नाहीत म्हणून कॅनडात व्हँकूव्हरला हलला.

फेब्रुवारी १९५७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी लॉस एंजेलिस एंजल्स आणि त्यांचं मैदान विकत घेतलं. त्या दिवशी प्रश्न सुटला होता; लोकांना कळलं ऑक्टोबरमध्ये. न्यूयॉर्क जायंट्सनी सॅन फ्रान्सिस्को निवडलं. सील्सनी त्यांच्या शेवटच्या मोसमात, १९५७ मध्ये, पेनंट जिंकलं होतं. विजेता संघ गाव सोडून गेला. सील्स फिनिक्सला, एंजल्स स्पोकेनला, स्टार्स परत सॉल्ट लेकला. १५ एप्रिल १९५८ ला सील्स स्टेडियमवर जायंट्सनी डॉजर्सना ८-० असं हरवलं. पश्चिम किनाऱ्यावरचा मेजरचा तो पहिला सामना, सील्सच्याच गवतावर. दोन मोसमांनी ते स्टेडियमही पाडलं.

पुढे नावंसुद्धा गेली. १९६१ मध्ये मेजरचा नवा संघ ‘लॉस एंजेलिस एंजल्स’ म्हणून उभा राहिला आणि पहिलं वर्ष त्याच रिग्ली फील्डवर खेळला. १९६९ मध्ये ‘सॅन दिएगो पाद्रेस’ मेजरमध्ये आले. सॅक्रामेंटोचा संघ तर १९६१ मध्ये होनोलुलूला नेला गेला; आमच्या गावाला पुन्हा कायमचा संघ मिळाला तो २००० मध्ये.

आज काय उरलंय? नाव आहे, खेळ आहे, पण ती आता सर्वार्थाने शिडीची, मेजरच्या लगेच खालची, पायरी आहे. १९९८ मध्ये दुसरी एक मोठी मायनर लीग मोडल्यावर ही सोळा संघांची झाली आणि ‘पॅसिफिक कोस्ट’च्या नावाखाली मेम्फिस आणि नॅशव्हिल खेळू लागले. २०२१ मध्ये मेजरने मायनरची सगळी व्यवस्था स्वतःच्या हातात घेतली, संलग्न संघ १६० वरून १२० वर आणले आणि या लीगचं नाव पुसून ‘ट्रिपल-ए वेस्ट’ ठेवलं. त्या एका मोसमात स्कोअरशीटच्या माथ्यावर ते नाव लिहिताना माझा हात अडखळायचा. २०२२ मध्ये जुनं नाव परत आलं. सध्या दहा संघ आहेत. किनाऱ्याच्या जवळ म्हणावा असा फक्त टाकोमा, बाकी सॉल्ट लेक, रीनो, अल्बुकर्की, एल पासो, लास वेगास अशी आतली गावं. उंचीवरच्या मैदानांमुळे आजही इथे रन पाण्यासारखे निघतात आणि पिचरांची आकडेवारी बघवत नाही. लझेरीच्या वेळी होतं तेच.

एक गोष्ट मात्र परत आली आहे. २०२१ पासून प्रवास वाचवण्यासाठी सहा-सहा सामन्यांच्या मालिका ठेवल्या गेल्या, आणि आता मंगळवार ते रविवार सामने, सोमवार सुट्टी असं चालतं. तरुण सहकाऱ्यांना ही नवी सोय वाटते. मी त्यांना १९१० च्या आसपासच्या एखाद्या वर्षाचं वेळापत्रक काढून दाखवतो.

लॉस एंजेलिसला असाल तर फेअरफॅक्स भागात टीव्ही स्टुडिओ आहे तिथे गिल्मोर फील्ड होतं. तुमच्या फोटोतले खेळाडू त्या जमिनीवर धावत होते. सॅन फ्रान्सिस्कोत सोळाव्या रस्त्याच्या आणि ब्रायंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर सील्स स्टेडियमच्या जागी दुकानं आहेत. सॅक्रामेंटोत ब्रॉडवे आणि रिव्हरसाइडच्या कोपऱ्यावर, जिथे १९३० मध्ये लीगचा पहिला दिव्यांच्या प्रकाशातला सामना झाला, तिथेही दुकानच आहे. पण नदी ओलांडून वेस्ट सॅक्रामेंटोला या. ओकलंड सोडलेला ए’ज हा मेजरचा संघ लास वेगासला जाण्याआधी २०२५ पासून आमच्या छोट्या मैदानात मुक्कामाला आहे, आणि कोस्ट लीगचा रिव्हर कॅट्स संघही तिथेच खेळतो. एका आठवड्यात मेजर, पुढच्या आठवड्यात कोस्ट लीग, आणि दोन्हींसाठी मैदान तेच. कोस्ट लीगच्या आठवड्यात या, मंगळवारी. सहा दिवसांच्या मालिकेचा पहिला दिवस असतो, दोन्ही संघ एकमेकांना अजून चाचपत असतात, आणि तिकीट सहज मिळतं.